रविवारी कोण आलं नाही

(दृश्य : उपासना सुरू आहे. मंडळी उभी राहून गात आहे. कॅमेरा पाळकांच्या चेहऱ्यावर.)

पहिलं गीत चालू आहे. पाळकांच्या, म्हणजे चर्चमधल्या ख्रिस्ती धर्मसेवकांच्या, हातात गीतांचं पुस्तक आहे, पण त्यांची नजर पुस्तकात नाही. ती रांगांमधून फिरते आहे. नेहमी नवऱ्याबरोबर येणारी बाई आज एकटीच आली आहे. नोकरी गेलेला तरुण दाराजवळ उभा आहे, म्हणजे आशीर्वाद होताच तो कुणाशी न बोलता निघून जाणार. आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर बसणारे आजोबा याही रविवारी दिसत नाहीत. गीताचं शेवटचं कडवं येईपर्यंत पाळकांच्या पुढच्या आठवड्याचं निम्मं काम ठरून गेलेलं असतं.

मंडळी म्हणजे एका चर्चमध्ये उपासनेला जमणारा समुदाय. लहान मंडळी म्हणजे चाळीस-पन्नास माणसं. कधी वीसच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हिची वाढ खुंटली असावी, पाळक कुठंतरी कमी पडत असावेत. पण लहान मंडळी हा काही अपवाद नाही. अमेरिकेत २०२० साली पंधरा हजारांहून अधिक धार्मिक मंडळ्यांची पाहणी झाली. त्यातल्या निम्म्या मंडळ्यांत आठवड्याच्या उपासनेला ६५ किंवा त्याहूनही कमी माणसं येत होती. २००० साली हाच मधला आकडा १३७ होता. मोठमोठी सभागृहं आणि झगमगते पडदे जिथं सर्वांत जास्त दिसतात, त्या देशातली ही गोष्ट. आणि पहिल्या शतकात तर मंडळ्या घरांतच भरत. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला येशूचा प्रेषित पौल यानं आपल्या पत्रातून सलाम पाठवला आहे. एका घरात मावतील एवढीच ती माणसं.

तेव्हा इथं प्रश्न मंडळी मोठी कशी करायची हा नाही. एवढ्या थोड्या माणसांचा पाळक आठवडाभर करतो तरी काय, तेच आपण पाहणार आहोत.

(दृश्य : रविवार, सकाळ. कुलूप उघडतं. खुर्च्या मांडल्या जात आहेत.)

रविवारची तयारी पटकन सांगून होते. किल्ली पाळकांकडे. खुर्च्या मांडायच्या, माईक तपासायचा, वाचन कोण करणार ते विचारून ठेवायचं, शब्बाथशाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची, शिक्षिका आजारी असेल तर मुलांचं काय ते बघायचं. मोठ्या मंडळीत यातल्या प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो. इथं बहुतेक कामांना एकच माणूस, आणि तोच थोड्या वेळात व्यासपीठावर उभा राहून संदेश, म्हणजे प्रवचन, देणार असतो.

(दृश्य : एका घराचं दार. पाळक घंटा वाजवतात. वाट पाहतात. पुन्हा वाजवतात.)

पुष्कळ ठिकाणी सोमवार हा पाळकांच्या सुट्टीचा दिवस मानतात. पण ते आजोबा मनात घर करून बसलेले असतात. फोनवर आजोबा एवढंच म्हणाले होते, ‘जरा बरं नव्हतं, पाळकसाहेब. पुढच्या रविवारी येतो.’ यावर समाधान मानता आलं असतं. पाळक तरीही त्यांच्या घरी जातात. दार उघडायला वेळ लागतो, कारण घंटा आत ऐकू गेलेली नसते. टीव्हीचा आवाज खूप मोठा आहे. बोलताना आजोबा समोरच्याच्या ओठांकडे बघत आहेत. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलणं होतं. मग उठता उठता पाळक सहज विचारतात, ‘आजोबा, माझं बोलणं मागं पोहोचतं का हो?’ आणि खरी गोष्ट बाहेर येते. संदेश ऐकू येत नाही. शेजारच्याला सारखं ‘काय म्हणाले?’ असं विचारायची लाज वाटते. सगळे हसतात तेव्हा आपण उगाच हसायचं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

पुढच्या रविवारी आजोबांची खुर्ची पहिल्या रांगेत आलेली असते आणि त्यांच्या हातात मोठ्या अक्षरांत छापलेला संदेश असतो. माझ्या दृष्टीनं पाळकीय सेवा ती हीच. ती कुठल्याही अहवालात येत नाही. वर्षाच्या शेवटी ‘घरभेटी’ या रकान्यात एक आकडा भरला जातो, आणि या सोमवारचा त्यात फक्त एक असतो.

ही रीत जुनी आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर इथं रिचर्ड बॅक्स्टर नावाचे पाळक होते. तिथं आठशेहून अधिक कुटुंबं होती. बॅक्स्टर आणि त्यांचे सहकारी सोमवार आणि मंगळवार, सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत, कुटुंबांना एकेक करून भेटत. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबं, म्हणजे वर्षभरात सगळ्यांची एक फेरी. व्यासपीठावरून वर्षानुवर्षं ऐकूनही जे माणसाच्या मनात उतरत नाही, ते समोरासमोरच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यात उतरतं, असा त्यांचा अनुभव होता. त्यांना आठशे घरांसाठी वर्ष लागे. वीस घरांच्या पाळकाला हे महिन्याभरात जमू शकतं. लहान असण्याचा हा केवढा मोठा लाभ आहे, हे लहान मंडळ्यांच्याच लक्षात येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

काही भेटींत बोलणं नसतंच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे पाळक प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस, घेऊन जातात. छोटी पेटी, तिच्यात एक कप, भाकरीचा तुकडा, पांढरा रुमाल. गिळायला त्रास होत असेल तर भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवून ओठांना लावायचा. घरातली जी मुलगी किंवा सून रात्रंदिवस सेवा करते, तिलाही शेजारी बसवून घ्यायचं. कितीतरी रविवार तिलाही उपासनेला येता आलेलं नसतं, आणि तिची आठवण मात्र सहसा कुणी काढत नाही.

(दृश्य : टेबल. उघडं पवित्र शास्त्र, खोडलेल्या ओळी, घड्याळ.)

आता संदेशाकडे येऊ. लहान मंडळीत संदेश लिहिणं सोपं असेल असं वाटतं, पण ते फार अवघड असतं. समोर बसणाऱ्या प्रत्येकाचं काय चाललंय, ते लिहिणाऱ्याला माहीत असतं. पाळक ‘घटस्फोट’ हा शब्द लिहितात आणि एक चेहरा समोर येतो. ‘व्यसन’ लिहितात आणि दुसरा येतो. येशूनं सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट घ्यावी, तर ज्यांचा मुलगा घर सोडून गेलेला आहे ते आई-वडील दुसऱ्याच रांगेत बसलेले असणार. वाक्य खोडलं जातं. पुन्हा लिहिलं जातं. चार हजार लोकांसमोर जे वाक्य सहज बोलून जाता येतं, तेच चाळीस जणांत एखाद्याच्या काळजात घुसू शकतं.

दोन कुटुंबांत भांडण झालेलं असेल आणि त्याच आठवड्यात पाळकांनी क्षमेवरचा उतारा निवडला, तर दोन्ही घरांना वाटणार, हे आपल्यालाच उद्देशून होतं. इथं वर्षभराची ठरलेली वाचनं फार उपयोगी पडतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेली, तीन वर्षांच्या चक्राची एक समाईक वाचनसारणी आज अनेक प्रॉटेस्टंट पंथ वापरतात. त्या रविवारी क्षमेचा उतारा आलाच, तर तो सारणीतून आलेला असतो, पाळकांच्या मनातून नाही. मंडळीला हे ठाऊक असतं, आणि ऐकणारा जरा मोकळ्या मनानं ऐकतो.

भांडणं होतातच. वीस घरांत एक भांडण म्हणजे दहावा हिस्सा मंडळी एकमेकांशी बोलत नाही. पाळकांनी एका घरी चहा घेतला की दुसऱ्या घरी त्याची बातमी पोहोचते. त्यांना दोन्हीकडे जावंच लागतं, आणि एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नसतं.

(दृश्य : दफनभूमी. दुरून. आवाज नाही, फक्त निवेदन.)

माणसं पाळकांपाशी मन मोकळं करतात. कर्ज, गर्भपात, तुरुंगातला भाऊ, डळमळलेला विश्वास. ज्याचं हे सगळं ऐकून घेतलं, त्याच्याच अंत्यविधीला एक दिवस पाळकांना उभं राहावं लागतं. लोक गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलत असतात. पाळकांना त्यापलीकडचंही माहीत असतं, आणि त्या पलीकडच्यासह त्यांनी त्या माणसावर माया केलेली असते. खोटी स्तुती करायची नाही आणि झाकलेलं उघडंही करायचं नाही. अशा वेळी बोलायचे चार शब्द तयार करायला रविवारच्या संदेशाहून जास्त वेळ लागतो. दफन झालं की पाहुणे पांगतात. पाळकांचं काम त्यानंतर सुरू होतं. पंधरा दिवसांनी, महिन्यानं, पहिल्या वर्षदिनी त्या घरी जायचं असतं. बाकीच्यांचे फोन बंद होतात, तेव्हा हा एक फोन यावा लागतो.

(दृश्य : कामाचे कपडे. डबा. दार ओढून घेतलं जातं.)

पैशाचं थोडक्यात सांगते. चाळीस माणसांच्या दानार्पणात भाडं, वीज आणि डागडुजी भागवून एका कुटुंबाचा चरितार्थ चालतोच असं नाही. म्हणून अनेक पाळक दुसरी नोकरी करतात. कुणी शिकवतं, कुणी गाडी चालवतं, कुणी दुसऱ्यांचे हिशेब लिहितं. पौल करिंथात राहुट्या बनवायचं काम करत होता, हे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. पण त्याच पौलानं हेही लिहिलं आहे की, जे सुवार्ता सांगतात त्यांची उपजीविका सुवार्तेवर चालावी, अशी प्रभूची आज्ञा आहे. मंडळ्यांना यातली पहिली गोष्ट पाठ असते. दुसरी वाचून दाखवायचा पाळकांना संकोच वाटतो, म्हणून ती वडीलजनांनी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी, वाचून दाखवावी.

पाळकांच्या घराची किंमत वेगळीच. जेवताना फोन वाजतो. मुलांनी मार्क कमी आणले तरी मंडळीभर चर्चा. पाळकांच्या पत्नीनं, किंवा पाळक स्त्री असेल तर तिच्या पतीनं, न नेमता, न विचारता अर्धं काम अंगावर घ्यावं अशी सगळ्यांची अपेक्षा. ही माणसंही मंडळीचे सभासद आहेत. त्यांना पाळक कोण? घरात नवऱ्यापाशी किंवा आईपाशी बोलणं वेगळं, आणि आपल्या पाळकापाशी बोलणं वेगळं.

(दृश्य : रात्र. घरातला एकच दिवा. पाळक फोन बंद करतात, पुन्हा चालू करतात.)

फ्रान्समधल्या आर्स या खेड्यात जॉन व्हियानी हे कॅथलिक धर्मगुरू १८१८ साली गेले, तेव्हा तिथं जेमतेम २३० माणसं होती. १८५९ साली मरेपर्यंत ते तिथंच राहिले. त्यांची कीर्ती एवढी पसरली की दूरदूरहून लोक पापांगीकारासाठी, म्हणजे आपल्या पापांची कबुली द्यायला, येऊ लागले आणि त्यांचे दिवसाचे कितीतरी तास त्यातच जात. १९२९ साली त्यांना धर्मग्रामाच्या याजकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित करण्यात आलं. पण याच माणसानं मठात जाऊन एकांतात राहावं म्हणून आर्स सोडायचा प्रयत्न एकापेक्षा जास्त वेळा केला, आणि दर वेळी तो परत आला. एवढ्या मोठ्या संताला निघून जावंसं वाटलं होतं. मग एखाद्या रात्री आपल्या पाळकांनाही तसं वाटलं, तर त्यांच्या विश्वासावर शंका घेण्याचं काहीच कारण नाही.

शास्त्रात या थकव्यावर काय केलं आहे ते बघण्यासारखं आहे. एलीया संदेष्टा रानातल्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. खायला भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं आणि पुन्हा उठवून खायला दिलं. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो यानं त्याला सांगितलं की हे बरं नाही, अशानं तूही झिजून जाशील आणि लोकही. आणि तो नुसतं बोलून थांबला नाही. माणसं कशी निवडायची आणि कामं कशी वाटायची, तेही त्यानं सांगितलं. लोकांच्या थकव्याचाही विचार त्यात होता, हे विशेष.

(दृश्य : वडीलजनांची बैठक. टेबलावर कागद, पेन, चष्मे.)

लहान मंडळीला हे करता येतं, आणि त्यासाठी पैसा लागत नाही. घरभेटींची यादी वडीलजनांनी दोघादोघांत वाटून घ्यावी, गंभीर आजार आणि दुःखाची घरं तेवढी पाळकांकडे ठेवावी. किल्ली आणि खुर्च्या दुसऱ्या कुणीतरी सांभाळाव्यात. महिन्यातून एका रविवारी दुसऱ्यानं संदेश द्यावा, म्हणजे पाळकांना आपल्या घरच्यांच्या शेजारी बसून उपासना करता येईल. सुट्टीच्या दिवशी कुणी गेलं असेल किंवा कुणी जाण्याच्या वाटेवर असेल तरच फोन करावा. दुसऱ्या मंडळीच्या एखाद्या पाळकाला भेटायला जायला त्यांना वेळ द्यावा, आणि तिथं काय बोलणं झालं ते विचारू नये. आणि दर बैठकीत हिशेबाच्या आधी एकानं विचारावं, ‘पाळकसाहेब, तुम्ही कसे आहात?’ पहिल्या वेळी ते ‘बरा आहे’ म्हणतील, आजोबा फोनवर म्हणाले तसंच. तेव्हा कागद बाजूला ठेवून पुन्हा विचारावं.