तिसऱ्या रांगेतली माणसं

(दृश्य: वाचनालयाची माडी. चटईवर पसरलेल्या वह्या.)

बेळगावचा पाऊस कागदात मुरतो. म्हणून वाचनालयाच्या जुन्या वह्या आणि फोटो संगणकात उतरवायचं हे काम आम्ही दिवाळीनंतरच काढलं. तोवर पानं कोरडी होतात, उलटताना फाटत नाहीत.

(दृश्य: वहीचं पहिलं पान, जवळून.)

या वाचनालयाच्या सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या. गल्ली तीच, वाचनालय तेच, पण वरचा पत्ता बदलत गेलेला. आधी मुंबई राज्य. १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्य. १९७३ पासून कर्नाटक. मराठीतला मजकूर मात्र तसाच चालू राहिलाय, पुस्तकखरेदी, वर्गणी, गळकं छप्पर.

(दृश्य: लाकडी स्टँड, खाली तोंड करून लावलेला कॅमेरा.)

मोठा स्कॅनर परवडणारा नव्हता. एका सभासदानं २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा दिला, स्टँड सुतारानं करून दिला. दोन्ही बाजूंना ४५ अंशांत एलईडी दिवे, म्हणजे पानावरची काच चमकत नाही. पंधरा इंची पानावर ६००० पिक्सेल, म्हणजे इंचाला ४०० ठिपके. पेन्सिलीची पुसट खूणही वाचता येते. एका पानाची टिफ, म्हणजे पूर्ण दर्जाच्या चित्राची, फाइल ७२ एमबीची, एक टेराबाइटच्या डिस्कवर साधारण तेरा हजार पानं. पैसे गेले ते दिव्यांवर आणि डिस्कवर. डिस्क दोन घेतल्या, दुसरी दुसऱ्या घरात ठेवली.

कुणीतरी पूर्वी मायेनं सेलोटेप लावलीय. ती आता तपकिरी पडलीय. आम्ही ओढून काढत नाही, आहे तसाच फोटो घेतो.

वेळ लागतो तो कुठल्या पानावर काय आहे याच्या यादीला. २०१४ साली शहराचं नाव बेळगावी झालं. म्हणून यादीत बेळगाव आणि बेळगावी, निपाणी आणि निप्पाणी, दोन्ही लिहितो. कानडी शाळेत शिकलेल्या नातवालाही आजोबांची सही सापडायला हवी.

(दृश्य: संगणकावर संमेलनाचा जुना फोटो.)

माझ्या मते जुने फोटो सगळ्यात आधी हाती घ्यायला हवे होते. वह्यांवर तारखा आहेत, फोटोंच्या मागं काहीच नाही. चेहरे ओळखणारी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत. आता दर रविवारी एक आज्जी येतात आणि आम्ही वहीत नावं उतरवून घेतो.

"ही आमची आक्का की. मागं उभारलेली."

"आणि तिच्या शेजारी?"

आज्जी चष्मा पुसतात, पडद्याजवळ सरकतात.

"जरा मोठं करा की, बाळ. तिसरी रांग."