पगार कमी, फिल्म आपली

मंडळी, ल्यूसिल बॉल म्हटलं की नवऱ्याच्या नकळत उचापती करणारी, 'आय लव्ह ल्यूसी' या अमेरिकन विनोदी टीव्ही मालिकेतली वेंधळी ल्यूसी आठवते. मला आज बोलायचंय ते तिच्यातल्या, कंपनी चालवणाऱ्या कारभारणीबद्दल. पण चॉकलेटचा कारखाना टाळून पुढे गेलो, तर तुम्ही मला सोडणार नाही. पुढच्या रांगेत आत्ताच हसू फुटलंय.

१९५२ सालचा तो भाग. ल्यूसी आणि तिची मैत्रीण एथेल, म्हणजे व्हिव्हियन व्हान्स, सरकत्या पट्ट्यावरून येणारी चॉकलेटं कागदात गुंडाळण्याच्या कामाला लागतात. एक जरी तसंच पुढे गेलं तर नोकरी गेली, अशी मुकादमबाईंची तंबी. पट्टा वेग घेतो. मग चॉकलेटं तोंडात, टोपीत, झग्याच्या गळ्यात! मुकादमबाई येतात, सगळं आवरलेलं बघून खूश होतात आणि हुकूम सोडतात: वेग वाढवा! ल्यूसिलचा चेहरा पाहा. ती हसवायला बसलेलीच नाही, ती नोकरी वाचवतेय. गाल फुगलेले, पण नजर पुढच्या चॉकलेटवर. त्याआधीच्या प्रसंगात तिच्या शेजारी बसलेली बाई तर खरीच चॉकलेटं बनवणारी कारागीर होती. माशी मारायच्या निमित्तानं ल्यूसी तिला चापट मारते आणि ती बाई अशी सणसणीत परतफेड करते की बस्स! अभिनय शिकणाऱ्या प्रत्येकानं हा भाग आधी आवाज बंद करून पाहावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

ही बाई तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती, हे लक्षात घ्या. जन्म १९११चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउनचा. १९३०च्या दशकात आरकेओ या फिल्म स्टुडिओत पगारी नटी, पुढे एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओत. तिथे केस लाल रंगवले, पण तिचं नेमकं करायचं काय, हे कुणालाच उमगलं नाही. याचा मला आजही राग येतो. एवढं सोनं हाताशी, आणि हे केसांच्या रंगात गुंतलेले!

१९४८पासून तिची रेडिओ मालिका गाजली. सीबीएस या वाहिनीला ती टीव्हीवर हवी होती. तिची अट एकच: नवरा म्हणून माझा खरा नवराच हवा. डेसी अर्नाझ क्यूबाचा, त्याचे उच्चार वेगळे; प्रेक्षक स्वीकारतील का, ही वाहिनीला धास्ती. १९५०मध्ये दोघांनी गावोगावी रंगमंचावर प्रयोग करून ती धास्तीच मोडून काढली.

घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मुख्य मुद्दा भरभर सांगतो. तेव्हा बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. नोंद ठेवायची तर टीव्हीच्या पडद्याचंच चित्रण करत. ते धुरकट दिसे. या दोघांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं. म्हणून ३५ मिलिमीटर फिल्म, समोर खरे प्रेक्षक, तीन कॅमेरे एकदम. कार्ल फ्रॉइंड या कसलेल्या छायालेखकानं तिन्ही कॅमेऱ्यांना चालेल अशी प्रकाशयोजना बसवली. खर्च वाढला, तर दोघांनी आठवड्याला १,००० डॉलर कमी घेतले आणि बदल्यात मागितली फिल्मची मालकी. मंडळी, हा सौदा पुन्हा ऐका! थेट कार्यक्रम त्याच रात्री संपायचा. यांच्याकडे पुन्हा दाखवता येईल, विकता येईल असा माल राहिला.

हाच माल विकून आलेल्या पैशावर १९५७मध्ये यांच्या देसिलू कंपनीनं आरकेओचे स्टुडिओ घेतले. जिथे ती पगारी नटी होती, तेच! १९६०मध्ये घटस्फोट, १९६२मध्ये डेसीचा हिस्सा विकत घेऊन ती कंपनीची प्रमुख. 'स्टार ट्रेक' या अंतराळ-मालिकेच्या खर्चाला संचालक बिचकत होते, ती मागे हटली नाही. 'मिशन: इम्पॉसिबल' ही मालिकाही तिच्याच कारकिर्दीतली. १९६७मध्ये कंपनी विकली, १७० लाख डॉलरना, आणि अभिनय पुढेही चालूच. चित्रपटांबद्दल सांगायचं राहिलं. ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबा, बाहेर चहा घेताना बोलू.