बिनपगारी वारा

[पडद्यावर: नोव्हेंबर महिन्यातली क्लाइड नदी. धुकं, मागे जहाज बांधणीचे जुने फोटो.]

निवेदन:

सुएझ कालवा खुला झाला १७ नोव्हेंबर १८६९ रोजी. त्यानंतर पाचच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, स्कॉटलंडमधल्या डंबार्टन गावी एक शिडाचं जहाज पाण्यात उतरलं. याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता.

जहाजाचं नाव कटी सार्क. काम एकच ठरलेलं: चीनमधून चहा भरायचा आणि आफ्रिकेला वळसा घालून इतरांच्या आधी लंडन गाठायचं. आता आगबोटीला तो वळसा घालायची गरजच उरली नव्हती. शिडाच्या जहाजाला मात्र कालव्याचा काही उपयोग नव्हता. कालव्यातून ओढून न्यायला दुसरी बोट भाड्याने घ्यायची, आणि बाहेर पडलं की समोर तांबडा समुद्र. अरुंद, दोन्ही बाजूंना प्रवाळाचे खडक, आणि उत्तरेकडच्या भागात वारा बहुतेक वेळा उत्तरेचाच.

आपल्याकडे ही गोष्ट शाळेत दोन वाक्यांत संपते. वाफ आली, शिडं गेली. प्रत्यक्षात शिडाची मालवाहू जहाजं पुढे तीस-पस्तीस वर्षं चांगला धंदा करत होती. गंमत म्हणजे त्यातला बराचसा धंदा त्यांना आगबोटींनीच मिळवून दिला.

[पडद्यावर: कार्डिफची गोदी, कोळशाच्या वाघिणी, रांगेने उभ्या डोलकाठ्या.]

आगबोट कोळसा खाते. एडनला खाण नाही, सिंगापूरला नाही, केप व्हर्डच्या बेटांवर नाही. म्हणजे आगबोट तिथे पोचण्याआधी तिचा कोळसा तिथे पोचलेला हवा. तो न्यायचा कुणी? आगबोटीनेच न्यायचा तर वाटेत त्यातला बराचसा ती स्वतःच जाळणार, शिवाय तेवढी मालाची जागाही गेली. शिडाच्या जहाजाला तो प्रश्न नव्हता. वारा पगार मागत नाही, आणि एडनच्या किनाऱ्यावर पडून राहणाऱ्या कोळशाला घाई नसते. वेल्समधल्या कार्डिफहून आणि इंग्लंडच्या ईशान्येकडच्या बंदरांतून हा कोळसा शिडांवर जगभर जात राहिला.

मुंबईतही तो उतरायचा. आपल्या कापड गिरण्यांच्या भट्ट्या त्या काळात मोठ्या प्रमाणावर विलायती कोळशावर चालत.

हा माल साधासुधा नव्हता. ओलसर कोळसा महिनोन् महिने बंद पोटात राहिला की आतल्या आत तापतो आणि कुणी काडी न लावता पेटतो. पॅलेस्टाइन नावाचं एक जुनं जहाज असाच कोळसा घेऊन बँकॉकला निघालं होतं. मार्च १८८३ मध्ये सुमात्राजवळ ते पेटलं, आणि खलाशी होड्यांतून किनाऱ्याला लागले. त्यांच्यात एक तरुण पोलिश अधिकारी होता, जोसेफ कॉनरॅड. पुढे इंग्रजीतला मोठा कादंबरीकार झाला तोच हा. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८८४ मध्ये, तो मुंबईत नार्सिसस नावाच्या शिडाच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून चढला. मुंबईत प्रिन्सेस डॉक सुरू होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि सुएझमार्गे येणाऱ्या आगबोटींची गोदीत गर्दी असायची. नार्सिसस मात्र जुन्याच वाटेने, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून निघालं आणि फ्रान्समधल्या डंकर्कला पोचलं ऑक्टोबरमध्ये. ज्याला तातडी असे तो आपला माल अशा जहाजात भरतच नसे.

[पडद्यावर: कटी सार्कच्या पोटातल्या लोखंडी बरगड्या, त्यांवर बोल्टने बसवलेल्या फळ्या.]

पुन्हा कटी सार्ककडे येऊ. मालक जॉन विलिस, लंडनचा. पांढरी टॉप हॅट घालून गोदीवर फिरायचा म्हणून त्याला लोक 'व्हाइट हॅट विलिस' म्हणत. पैशाला पक्का. त्याने स्कॉट अँड लिंटन या नवख्या कंपनीला गाठलं आणि टनामागे १७ पौंड असा घट्ट दर ठरवून घेतला. त्या दरात कंपनीचं कंबरडं मोडलं. जहाज पुरं व्हायच्या आतच तिचं दिवाळं निघालं, आणि उरलेलं काम तिथल्याच डेनी कंपनीने केलं.

जहाज कसं बांधलंय ते जरा बारकाईने बघण्यासारखं आहे. सांगाडा लोखंडाचा, अंगावरच्या फळ्या लाकडाच्या. असं दोन जातींचं मिश्रण कशासाठी? उबदार समुद्रात तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, वेग मरतो, आणि लाकूड पोखरणारे जीव असतात ते वेगळेच. त्यावरचा जुना उपाय म्हणजे तळाला तांब्याचा पत्रा ठोकणं. पण तळच लोखंडाचा असेल तर खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड मिळून बॅटरीसारखं काम करतात, आणि त्यात लोखंड खाऊन जातं. म्हणून मध्ये लाकूड. वरच्या भागात सागवान, पाण्याखाली एल्मची जात, आणि त्यावर मुंट्झ धातूचा पत्रा, म्हणजे तांबं-जस्ताची पितळेसारखी मिश्र धातू. लोखंडी बरगड्या लाकडी बरगड्यांपेक्षा बारीक, त्यामुळे आत मालाला जागाही जास्त मिळाली.

लांबी २१२ फूट, रुंदी ३६ फूट. तीन डोलकाठ्या. सगळी शिडं उघडली की ३२,००० चौरस फूट कापड, म्हणजे जवळजवळ तीस गुंठे. हे सगळं सांभाळायला माणसं पंचवीस-तीस.

हे कापड खालून दोऱ्या ओढून पूर्ण गुंडाळता येत नसे. वादळ येताना माणसं वर चढत. डोलकाठीला आडवे बांधलेले लांब वासे, त्यांच्याखाली लोंबणारा एक दोर, त्यावर पाय. पोट वाशावर टेकवायचं आणि दोन्ही हातांनी भिजून फळीसारखं कडक झालेलं कापड मुठीमुठीने वर ओढायचं. खाली डेक नाही, कारण जहाज कललेलं. खाली समुद्र. ताटात खारवलेलं मांस, दगडासारखी बिस्किटं, आणि स्कर्व्ही होऊ नये म्हणून कायद्याने सक्तीचा केलेला लिंबाचा रस.

कायद्याचं निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. काही मालक जुनाट जहाजं गळ्यापर्यंत भरून समुद्रावर पाठवत. बुडालं तर विमा होताच. खासदार सॅम्युएल प्लिम्सॉलने संसदेत यावरून रान उठवलं, तेव्हा १८७६ साली जहाजाच्या अंगावर भरण्याची मर्यादारेषा काढणं बंधनकारक झालं. पण ती रेषा कुठे काढायची हे मालकाने ठरवायचं! ही पळवाट बुजायला १८९० साल उजाडलं. आजही प्रत्येक मालवाहू जहाजावर ती वर्तुळाची खूण असते.

[पडद्यावर: नकाशा. शांघाय, सुंदा सामुद्रधुनी, हिंदी महासागर, केप.]

जून १८७२. शांघायहून दोन जहाजं चहा भरून जवळपास एकाच वेळी निघाली. कटी सार्क आणि त्याचं प्रतिस्पर्धी थर्मोपिली. सुंदाची सामुद्रधुनी ओलांडून हिंदी महासागरात शिरल्यावर कटी सार्कने आघाडी घेतली, ती सुमारे ४०० मैलांची. मग १५ ऑगस्टला, दक्षिण आफ्रिकेच्या अलीकडे, वादळात एका लाटेने सुकाणू उखडून नेलं.

जहाजावर मालकाचा भाऊ रॉबर्ट विलिस प्रवासी म्हणून होता. त्याचं म्हणणं, जवळच्या बंदरात चला. कॅप्टन जॉर्ज मूडीने ऐकलं नाही. दोघांची चांगलीच जुंपली, आणि कॅप्टन आपल्या मतावर ठाम राहिला. जहाजावरचा सुतार हेन्री हेंडरसन कामाला लागला. एका जादा वाशाचे तुकडे करून नवं सुकाणू घडवायचं, आणि ते जोडायला लोखंडाच्या पट्ट्या, खिळे, बोल्ट हवेत, म्हणून डेकवरच भट्टी मांडली. भाता मारायला कॅप्टनचा मुलगा. जहाज एवढं हेलकावत होतं की एकदा पेटते निखारे त्या पोराच्या अंगावर सांडले. घडवलेलं धूड मागच्या बाजूने खवळलेल्या पाण्यात सोडायचं आणि बरोब्बर जागेवर बसवायचं, हे काम तर भट्टीपेक्षा अवघड. पाच-सहा दिवसांत ते जमवलं. पुढे वाटेत त्याची जोडणी तुटली, तेव्हा पुन्हा वर काढून पुन्हा बसवलं.

कटी सार्क लंडनला पोचलं १८ ऑक्टोबरला. थर्मोपिली आठवडाभर आधी पोचलं होतं. शर्यत हरली, पण गोदीवर चर्चा झाली ती हेंडरसनच्या सुकाणूची. मूडीने मात्र त्या सफरीनंतर जहाज सोडलं. मालकाच्या भावाशी भांडून जिंकणं परवडत नसावं.

खरं सांगायचं तर चहाच्या धंद्यात कटी सार्क कधी फार चमकलं नाही. आणि धंदाही हातातून निघालाच होता. आल्फ्रेड होल्टने १८६६ सालीच कमी कोळशात जास्त पल्ला मारणारं इंजिन चीनच्या वाटेवर आणलं होतं. त्यात कालव्याची भर पडली. नवा चहा आगबोटीने आधी पोचू लागल्यावर शिडांवरच्या चहाला कोण थांबतंय? १८७७ नंतर कटी सार्कला चहा मिळाला नाही. मग मिळेल तो माल, मिळेल ते बंदर. १८८० सालच्या एका सफरीत मेटने, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने, एका खलाशाला जिवे मारलं, कॅप्टनने त्या मेटला पळून जायला मदत केली, आणि नंतर त्या कॅप्टनने स्वतःच समुद्रात उडी घेतली.

[पडद्यावर: ऑस्ट्रेलियातली मेंढ्यांची लोकर कातरणी, बंदरावर गासड्यांचे ढीग.]

जहाजाचं नशीब पालटलं ते लोकरीने. ऑस्ट्रेलियाची वाट एवढी लांब की मध्ये कोळसा घेणं आगबोटीला महागात पडायचं. शिवाय या वाटेवर वारा आयता मिळतो. भूगोलात आपण शिकलेले ते 'गरजणारे चाळीस': दक्षिण गोलार्धात चाळीस अक्षांशाखाली पश्चिमेकडून अखंड सुटलेला वारा, वाटेत अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. जाताना आफ्रिकेखालून पूर्वेकडे, येतानाही पूर्वेकडेच, दक्षिण अमेरिकेच्या केप हॉर्नला वळसा घालून. एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा.

विदर्भ-खानदेशात ज्यांनी कापसाची जिनिंग पाहिली आहे त्यांना गासडी समजावून सांगायला नको. इथे आधीच दाबून बांधलेल्या लोकरीच्या गासड्या जहाजाच्या पोटात स्क्रूच्या जॅकने पुन्हा दाबून बसवत, फट राहू देत नसत. २८ डिसेंबर १८८३ रोजी कटी सार्क न्यू साउथ वेल्समधल्या न्यूकॅसलहून ४,२८९ गासड्या घेऊन निघालं आणि ८३ दिवसांत लंडनला आलं.

१८८५ साली कॅप्टन म्हणून आला रिचर्ड वुडगेट. छायाचित्रणाचा नाद, कॉली जातीची कुत्री पाळायचा, आणि समुद्राची नस ओळखणारा. इतर कप्तान जिथे जायला कचरत, तितकं दक्षिणेला तो जहाज न्यायचा. तिकडे वारा जोरदार, पण हिमनगही तिकडेच. पहिल्याच वर्षी सिडनी ते लंडन ७३ दिवसांत. लोकरीच्या हंगामात त्याने थर्मोपिलीलाही मागे टाकलं.

२५ जुलै १८८९ च्या रात्रीची गोष्ट. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ पी अँड ओ कंपनीची नवी टपाल-आगबोट ब्रिटानिया पंधरा-सोळा नॉटच्या वेगाने सिडनीकडे चालली होती. मागून एक दिवा जवळ येऊ लागला. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला आधी ती दुसरी आगबोट वाटली. दिवा बाजूला आला, पुढे गेला, तेव्हा दिसली ती शिडं. कटी सार्कचा वेग त्या रात्री सतराच्या आसपास होता. पण वारा पडला की तेच जहाज दिवसभर जागच्या जागी डुलत राहायचं, आणि ब्रिटानिया वेळापत्रकाप्रमाणे पोचायची. टपाल कोणाला द्यायचं हे सरकारला नीट कळत होतं.

तोवर ऑस्ट्रेलियाची वाटही सुरक्षित राहिली नव्हती. १८८१ मध्ये अबर्डीन नावाची आगबोट नव्या, तीन टप्प्यांत वाफ वापरणाऱ्या इंजिनावर वाटेत एकदाच कोळसा घेऊन ४२ दिवसांत मेलबर्नला गेली होती. हळूहळू लोकरही आगबोटींकडे वळली. उरलं ते चिलीचं सोरामीठ, धान्य, कोळसा. या मालासाठी चार डोलकाठ्यांची पोलादी जहाजं बांधली गेली: वेगाला बेताची, पोटाला मोठी. हॅम्बुर्गच्या लाइझ कंपनीने तर १८९५ मध्ये पोटोसी हे पाच डोलकाठ्यांचं जहाज सोरामिठासाठी उतरवलं, आणि त्यात पैसाही कमावला.

त्याच १८९५ साली विलिसने कटी सार्क पोर्तुगिजांना विकलं. नवं नाव फरेरा. या नावाने ते अजून सत्तावीस वर्षं माल वाहत राहिलं. १९१६ मध्ये आफ्रिकेच्या केपजवळ डोलकाठ्या मोडल्या, तेव्हा लहान शिडं चढवून धंदा चालू ठेवला. १९२२ मध्ये विल्फ्रेड डाउमन या निवृत्त कॅप्टनने ते विकत घेतलं. उमेदवारीच्या वयात, दुसऱ्या जहाजावर असताना, त्याने कटी सार्कला आपल्याला मागे टाकून जाताना पाहिलं होतं.

१९५४ पासून ते ग्रिनिचला कोरड्या गोदीत आहे. २१ मे २००७ च्या पहाटे मोठी आग लागली. दुरुस्ती चालू असल्याने डोलकाठ्या आणि बऱ्याचशा फळ्या आधीच काढून दुसरीकडे नेल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. २०१२ मध्ये जहाज पुन्हा लोकांसाठी खुलं झालं, यावेळी जमिनीपासून तीन मीटर उचलून. त्यामुळे आता तळाखालून चालत जाता येतं, आणि पत्र्याच्या जोडांवरून हात फिरवावासा वाटेल इतक्या जवळून तो बघता येतो.

[श्रेयनामावली]