माळकरी फौजी, आमचे आप्पा

नमस्कार मंडळी. आज मला माझ्या सासऱ्यांबद्दल बोलायचंय. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, ठाण्यात किसननगरच्या आमच्या जुन्या चाळीत पण आप्पाच, फक्त सोसायटीचे वॉचमन तेवढे हवालदार साहेब म्हणून सलाम ठोकायचे. यंदा आप्पा गेले. पंच्याहत्तरी पार केली होती, भरल्या घरातून गेले असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे, पण फौजी म्हटलं की आपल्याला बॉर्डर आणि बंदूक दिसते आणि माळकरी म्हटलं की टाळ-मृदंग दिसतो, हे दोन्ही एकाच माणसात कसं नांदत होतं ते घरच्यांनीच सांगायला हवं ना, म्हणून आज बोलतेय.

आप्पा साताऱ्याकडचे. अपशिंगे गाव ठाऊक असेल बऱ्याच जणांना, ज्याच्या नावापुढे मिलिटरी लागतं, त्याच भागातले. तिकडे पोरगं हाताला आलं की भरतीचं बघायचं ही रीतच होती. आप्पा बेळगावला ट्रेनिंग करून मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनला लागले. हीच ती जंगी पलटण, १७६८ साली उभी राहिलेली, आणि हे साल आमच्या घरात लहान पोरांना पण पाठ आहे कारण आप्पा ते विचारायचेच, पाढे विचारावेत तसं.

७१ च्या लढाईत ही पलटण मेघालयातून खाली बांगलादेशात उतरली आणि जमालपूरला पोचली. समोर पाकिस्तानची बलूच रेजिमेंट पक्के बंकर करून बसलेली. आपल्या लोकांनी रात्रीची ब्रह्मपुत्रा ओलांडली आणि गावाच्या मागे जाऊन टांगाईलकडे जाणारा रस्ताच अडवला. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र धाडलं, तर पलीकडच्या कर्नल सुलतान यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. हा किस्सा पुस्तकांत येतो, पण आप्पांना तो बऱ्याच नंतर कळला, खंदकात बसलेल्या शिपायाला कोण कशाला पत्रं दाखवतंय. १० डिसेंबरच्या रात्री ती पाकिस्तानी फौज अंधारात बाहेर पडायला बघत होती आणि ती सरळ मराठ्यांच्या मोर्चावर आली. रात्रभर फायरिंग. ११ तारखेला जमालपूर पडलं, त्याच दिवशी टांगाईलला आपले पॅराट्रूपर उतरले, आणि १६ ला ढाक्यात शरणागती, त्र्याण्णव हजार युद्धकैदी.

हे सगळं मी वाचून सांगतेय. आप्पांना विचारलं तर एवढंच, "पाणी लई गार हुतं बघ." बास. त्या लढाईची 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही दोन पदकं कपाटात असायची, २६ जानेवारीला कोटावर लागायची आणि संध्याकाळी परत रुमालात.

पण रोज संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ झाला की आप्पा दोन मिनिटं डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे. मला वाटायचं जप असेल. लग्न होऊन बरीच वर्षं झाल्यावर एकदा मी विचारलं, आप्पा, हा कुठला मंत्र? तर म्हणाले, "मंत्र न्हाय पोरी, नावं हायत. माझ्या सेक्शनमधली, माघारी न आलेली." मग थोड्या वेळानं आपणहूनच म्हणाले, "आणि त्यांच्यातली पण. त्यांची नावं ठाव न्हाईत मला, पण उजाडल्यावर शेतात पडलेली बघितली, आमच्याच वयाची पोरं हुती सगळी." मी पुढे काही विचारलं नाही. माझ्या मते आप्पांची भक्ती काय होती ते इथंच कळतं, देवापुढे बसून स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

फौजेत देवधर्म कसा चालतो हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. पलटणीचं स्वतःचं मंदिर असतं, पंडितजी असतात, ते पण वर्दीतले जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, आणि रविवारी मंदिर परेड, म्हणजे आरतीलासुद्धा हजेरी लागणार. आप्पा तिथं भजनाला ढोलकी धरायचे. लढाईनंतरच्या सुट्टीत ते पंढरपूरला जाऊन माळ घालून आले आणि त्या दिवसापासून मटण बंद, दारू बंद. फौजेत राहून हे सोपं नव्हतं हो, थंडीच्या पोस्टवर रम मिळते आणि बडा खान्याला, म्हणजे पलटणीच्या एकत्र जेवणाला, आग्रह पण होतो. बरं, नंतर पेन्शनीत कॅन्टीनचा कोटा असतो त्यावर नातेवाईकांचा डोळा, लग्न असो हळद असो, "आप्पा दोन बाटल्या तेवढ्या बघा की." आप्पांनी कुणासाठीही कधी आणली नाही. साबण, चहा, प्रेशर कुकर काय पाहिजे ते आणून देईन म्हणायचे, ते सोडून. काही लोकांनी यावरून बोलणं सोडलं, आणि मी तर म्हणते बरं झालं.

आता आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय आप्पांची गोष्ट होतच नाही. लग्न झालं तेव्हा आईंना वाचता येत नव्हतं. पत्ता फक्त नंबर, पलटण आणि ९९ एपीओ, माणूस कुठल्या डोंगरावर आहे काय पत्ता नाही, आणि आलेलं पत्र शाळेतले गुरुजी ओट्यावर बसून सगळ्या घरादारासमोर मोठ्यानं वाचणार, सासू-सासरे, दीर, जावा सगळे ऐकणार. मग नवरा बायकोला लिहिणार तरी काय? तर आप्पा प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायचे, अंगणातली तुळस कशी आहे, तिला वेळेवर पाणी मिळतं ना. आईंच्या सासूबाई खूश, पोरगं किती देवभोळं म्हणून. आणि आई पदर तोंडाला लावून आत पळायच्या, कारण तुळस म्हणजे कोण हे त्या दोघांनाच ठाऊक. पुढे आई मुलांच्याच पुस्तकांतून वाचायला शिकल्या आणि पहिलं पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं, त्यात एकच ओळ, तुळस बरी आहे, सुट्टी कधी.

८४ साली हवालदार म्हणून पेन्शन घेऊन आप्पा ठाण्यात आले, वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत सिक्युरिटीला लागले, कुटुंब पहिल्यांदा एका छताखाली. सोमवारी नाईट संपवून तसेच कोपिनेश्वरला जायचे. वारकरी आणि शंकराच्या देवळात कसे, असं कुणी विचारलं की म्हणायचे हरी काय आणि हर काय. आषाढीची पायी वारी मात्र आळंदीपासून, आणि वारीची पिशवी भरणं म्हणजे किट लेआऊट, सतरंजीवर सगळं ओळीत मांडायचं, सुईदोरा, मीठ, पायाला लावायचं खोबरेल, मोजून आत.

शनिवारी रात्री नातवंडांचे शाळेचे बूट गॅलरीत ओळीनं लागायचे. आधी ब्रश, मग चेरी ब्लॉसम, मग कापसाचा ओला बोळा गोल गोल फिरवत बसायचे, टोकात ट्यूबलाईट दिसेपर्यंत. मला सेकंड शिफ्ट असायची तेव्हा बसस्टॉपवर टॉर्च घेऊन उभे. आप्पा कशाला येता, मी काय लहान आहे का, तर म्हणायचे "ड्युटी हाय."

आणि एक गोष्ट ज्यांच्या घरी माजी सैनिक आहेत त्यांनी नीट ऐका. आप्पांनी एक फाईल करून ठेवली होती, वर मार्करनं लिहिलेलं, माझ्यानंतर. त्यात पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा कागद, डिस्चार्ज बुक, माजी सैनिकांच्या उपचारांसाठीचं ईसीएचएसचं कार्ड, जॉइंट खात्याचं पासबुक, आणि रेकॉर्डमधलं आईंचं नाव आणि आधारवरचं नाव यात फरक होता तो त्यांनी हयातीतच अर्ज करून दुरुस्त करून घेतलेला, त्याची कॉपी. बायकोच्या नावातल्या एका अक्षरापायी फॅमिली पेन्शन अडकलेल्या बायका मी पाहिल्यात. आईंची सुरळीत चालू झाली. हयातीच्या दाखल्याची आठवण पण त्या फाईलीत लिहिलीय, नोव्हेंबर, विसरू नकोस.

गेले त्या दिवशी खाली पार्किंगमध्ये माजी सैनिक मेडल लावून आले आणि दिंडीतले लोक टाळ घेऊन आले. पहिला मान कुणाचा यावर कुणी बोलेना. मग आईच म्हणाल्या, दोन्ही एकदमच होऊ द्या. सैनिकांनी सलाम दिला तो टाळांच्या गजरातच, आणि छत्रपती शिवाजी महाराज की जय ही पलटणीची आरोळी वारकऱ्यांनी पण दिली.

ती रोजची नावं आता आई घेतात. पण त्यातली दोन त्यांना आडनावाशिवायच माहीत आहेत, आप्पा तसंच म्हणायचे. तुमच्यापैकी कुणी किंवा तुमच्या घरातलं कुणी त्या वेळी जंगी पलटणीत होतं, जमालपूरला होतं, तर आपल्या रेडिओ केंद्रावर जरूर कळवा. आईंना ती पूर्ण नावं हवी आहेत, आणि तुम्ही घरी आलात तर चहा त्या स्वतः करणार आहेत. राम कृष्ण हरी, जय हिंद.