वाटाणा सुरकुततो कशामुळे?

नमस्कार, श्रोतेहो.

घरात मूल जन्माला आलं की आल्यागेल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, हे कुणावर गेलंय? कधी आईवर, कधी बापावर, आणि कधी कधी मूल दोघांनाही सोडून थेट आजीवर जातं. आईकडे नाही, बापाकडे नाही, असा एखादा गुण नातीत अवतरतो. मग मधली अख्खी पिढी तो होता कुठे? आज मला याच प्रश्नावर बोलायचं आहे. तो पहिल्यांदा नीट सुटला तो माणसावर नव्हे, वाटाण्यावर. म्हणून आपणही वाटाण्यापासूनच सुरुवात करू.

ब्रनो हे आज झेक प्रजासत्ताकातलं शहर. एकोणिसाव्या शतकात ते ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं. तिथल्या मठात ग्रेगोर मेंडेल हे धर्मगुरू १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यांवर प्रयोग करत होते. त्या वेळची सर्वसाधारण समजूत अशी, की आईबापांचे गुण मुलात एकमेकांत मिसळून जातात. दिसायला हे पटण्यासारखं आहे. पण तसं खरोखर असतं, तर काही पिढ्यांत सगळे जीव एकसारखे झाले असते. सगळे फरक विरघळून गेले असते.

मेंडेल यांनी काय केलं, ते जरा जवळून पाहू. वाटाण्याच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर जुळलेल्या पाकळ्यांच्या आत बंद असतात, त्यामुळे फुलाचं परागीभवन बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांनी होतं. मेंडेल कळी उमलायच्या आधीच ती अलगद उघडत, चिमट्यानं एकेक पुंकेसर काढून टाकत आणि दुसऱ्या झाडाचे पराग स्त्रीकेसराच्या टोकावर लावत. म्हणजे आई कोण आणि बाप कोण, हे त्यांनी स्वतः ठरवलेलं असे. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्या गोल दाणेच देणारं झाड, दुसऱ्या बाजूला सुरकुतलेले दाणे देणारं. त्यांचा संकर केला, आणि सगळे दाणे गोल आले. सुरकुती नावालाही नाही.

इथे दुसरा कुणी थांबला असता. मेंडेल यांनी ते गोल दाणे पेरले, झाडांचं परागीभवन त्यांच्याच परागांनी होऊ दिलं आणि पुढच्या पिढीचे दाणे मोजले. एकूण ७,३२४. त्यांतले ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. एकाच शेंगेत गोल दाण्याला खेटून सुरकुतलेला दाणा बसलेला. आणि ती सुरकुती अर्धीमुर्धी नव्हती, आजीच्या दाण्यावर होती तशीच पुरती होती. प्रमाण जवळजवळ तीनास एक. बिया पिवळ्या की हिरव्या, झाड उंच की बुटकं, अशी सात लक्षणं त्यांनी तपासली आणि प्रत्येक वेळी आकडे तीनास एकच्या आसपासच आले.

यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो मला आजही थक्क करतो, कारण पेशीत काय चालतं याची त्यांना फारशी कल्पना नव्हती. प्रत्येक गुणासाठी झाडाकडे दोन घटक असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. पुढच्या पिढीला देताना त्यांतला एकच जातो, कुठला जाईल ते केवळ योगायोगावर. घटक एकमेकांत मिसळत नाहीत. सुरकुतीचा घटक मधल्या पिढीतही होता, शाबूत होता, फक्त दिसत नव्हता. दोन्ही बाजूंनी सुरकुतीचाच घटक येण्याची शक्यता अर्ध्याची अर्धी, म्हणजे पाव. म्हणून चारांत एक दाणा सुरकुतलेला. जो घटक दिसला त्याला प्रभावी म्हणायची पद्धत पडली, जो झाकला गेला त्याला अप्रभावी. हा घटक म्हणजेच आपण आज ज्याला जनुक म्हणतो तो.

हे संशोधन १८६५ मध्ये ब्रनोच्या विज्ञान मंडळात वाचलं गेलं, पुढच्या वर्षी छापलं गेलं आणि मग तसंच पडून राहिलं. मेंडेल १८८४ मध्ये गेले. १९०० साली ह्यूगो द फ्रीस, कार्ल कॉरेन्स आणि एरिक फॉन चेर्माक या तीन वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कामातून ते पुन्हा जगासमोर आलं. स्वतःच्या शोधाचं मोल झालेलं पाहणं मेंडेल यांच्या नशिबी नव्हतं, याची हळहळ वाटते.

आता प्रश्न असा, की हा घटक बनलेला कशाचा? त्या उत्तराचं एक टोक मेंडेल यांच्या हयातीतच हाती आलं होतं. १८६९ मध्ये फ्रीडरिश मीशर हा तरुण स्विस संशोधक जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातल्या पेशींचा अभ्यास करत होता. त्या पेशींच्या केंद्रकातून त्यानं एक पदार्थ वेगळा काढला, ज्यात फॉस्फरस भरपूर होतं. तोच आपला डीएनए. पण त्याचा आनुवंशिकतेशी संबंध आहे हे सिद्ध व्हायला पाऊण शतक लागलं. दरम्यान थॉमस हंट मॉर्गन यांनी फळमाश्यांवर प्रयोग करून जनुकं गुणसूत्रांवर, म्हणजे केंद्रकातल्या धाग्यांसारख्या रचनांवर, असतात हे दाखवलं. गुणसूत्रांत प्रथिनंही असतात आणि डीएनएही. प्रथिनं जास्त गुंतागुंतीची, म्हणून बहुतेकांचा कौल प्रथिनांकडे होता. १९४४ मध्ये ओस्वाल्ड एव्हरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या जंतूंवरचं काम प्रसिद्ध केलं. घातक जंतूंमधला शुद्ध डीएनए निरुपद्रवी जंतूंना दिला की त्यांतले काही घातक होत आणि त्यांची संततीही घातकच निपजे. वारसा डीएनएमधून जात होता.

मग १९५३. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. एकमेकींभोवती वळसे घेणाऱ्या दोन साखळ्या, आणि त्यांच्यावर चार प्रकारच्या रासायनिक तुकड्यांची रांग. अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन, थोडक्यात ए, टी, जी, सी ही चार अक्षरं. एका साखळीवर ए असेल तिथे समोर टी, जी असेल तिथे समोर सी. या रचनेचा आधार होता रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण अभ्यासाचा, आणि त्यांच्या प्रयोगशाळेतलं एक महत्त्वाचं छायाचित्र वॉटसन यांना दाखवलं गेलं ते फ्रँकलिन यांच्या नकळत. १९५८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, फ्रँकलिन यांचं निधन झालं. नोबेल मिळालं १९६२ मध्ये, ते वॉटसन, क्रिक आणि मॉरिस विल्किन्स यांना. डीएनएचं नाव घेताना फ्रँकलिन यांचं नाव घेतलंच पाहिजे, असं मी मानतो.

या रचनेतच तिची नक्कल कशी होते याचं उत्तर आहे. पेशी दुभंगण्याआधी दोन साखळ्या विलग होतात. प्रत्येकीवरची अक्षरं पाहून समोरची साखळी नव्यानं तयार होते. एका रेणूचे दोन होतात आणि प्रत्येकात एक साखळी जुनी, एक नवी. माणसाच्या एका पेशीत आईकडून आलेली तीनशे कोटींहून जास्त अक्षरं असतात आणि बापाकडून आलेली जवळपास तेवढीच. नक्कल करताना चुका दुरुस्त करणारी विकरंही, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारी प्रथिनंही, सोबत काम करत असतात. तरीही एखादी चूक निसटते. तिलाच उत्परिवर्तन म्हणतात.

पण ही अक्षरं नुसती लिहून ठेवलेली असून काय उपयोग? ती वाचली जातात कशी? डीएनए केंद्रकातच राहतो. हव्या त्या जनुकाची एक प्रत आरएनए या डीएनएसारख्याच रेणूच्या रूपात निघते, ती केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम नावाच्या यंत्रणेत शिरते. रायबोसोम तीन-तीन अक्षरं वाचत पुढे सरकतो. जवळजवळ प्रत्येक त्रिकुटाला एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा, ठरलेलं. ती एकामागून एक जोडली जातात आणि प्रथिन तयार होतं. चार अक्षरांची त्रिकुटं होतात ६४. त्यांतली ६१ मिळून २० अमिनो आम्लं सांगतात आणि उरलेली तीन सांगतात, इथे थांब. ही लिपी उलगडण्यासाठी १९६८ चं नोबेल मार्शल निरेनबर्ग, हरगोविंद खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना मिळालं. हीच लिपी जंतूंत, वाटाण्यात आणि माणसात जवळजवळ सारखी आहे. म्हणून तर माणसाच्या इन्सुलिनचं जनुक जंतूंत घातलं तर जंतू माणसाचं इन्सुलिन बनवून देतात. आज असंख्य मधुमेही त्यावर जगतात.

आता पुन्हा त्या सुरकुतलेल्या दाण्याकडे येऊ. त्याचं जनुक नेमकं कसं बिघडलंय, हे इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९९० मध्ये शोधून काढलं. दाण्यात साखरेपासून स्टार्च बनतं, आणि त्या स्टार्चला फांद्या फुटाव्यात म्हणून एक विकर लागतं. सुरकुतलेल्या वाटाण्यात या विकराच्या जनुकात साधारण आठशे अक्षरांचा एक परका तुकडा घुसलेला आहे. विकर कामाचं राहत नाही. स्टार्च कमी बनतं, साखर तशीच साठत जाते. साखर पाणी ओढून घेते, दाणा हिरवा असताना टम्म फुगतो. आणि वाळताना हे जास्तीचं पाणी गेलं, की ताणलेली साल आतल्या गरापेक्षा मोठी पडते. तीच ती सुरकुती. तोच दाणा चवीला गोडही लागतो, कारण साखर.

जरा विचार करा, सुरकुतीचं असं जनुक मुळात नाहीच. जनुक आहे ते एका विकराचं. आपल्याला दिसणारा गुण चार-पाच पायऱ्या ओलांडून बाहेर येतो. आणि प्रभावी-अप्रभावीचा अर्थही इथे उलगडतो. दोन नळांनी भरणाऱ्या टाकीचा एक नळ बंद पडला तरी टाकी भरतेच, तसं विकराचं एक जनुक धड असलं तरी दाणा गोल होण्यापुरतं विकर मिळतं. अप्रभावी जनुक काही प्रभावी जनुकापुढे शरण जात नाही, त्याच्याकडे देण्यासारखं काही नसतं इतकंच. त्यातही गंमत अशी, की मिश्र जनुकांचा दाणा डोळ्यांना गोल दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे स्टार्चचे कण दोन्ही प्रकारांच्या मधल्या घडणीचे दिसतात. कुठला गुण झाकला गेला, हे आपण किती खोलवर पाहतो त्यावर ठरतं.

हेच माणसात पाहायचं तर सिकलसेल आजार पाहावा. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. जीएजी या त्रिकुटाच्या जागी जीटीजी. त्यामुळे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. एवढ्यानं ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतं, आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. ज्याच्याकडे एकच बदललेलं जनुक आहे, तो वाहक. तो सहसा ठणठणीत असतो, शिवाय गंभीर मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. मलेरिया फार असलेल्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिलं ते म्हणूनच. त्याला सरसकट वाईट जनुक म्हणायला माझं मन धजत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्यानं तितकीच असते. पहिल्या मुलाला आजार झाला म्हणून पुढची तिघं सुटली असं नाही, आणि पहिली तिघं निरोगी निघाली म्हणून चौथ्याच्या वाट्याला तो येणारच असंही नाही. आणि यात दोष आईचा नसतो, बापाचाही नसतो. एकेक जनुक दोघांकडून आलेलं असतं, आणि त्यांना ते त्यांच्या आईबापांकडून आलेलं असतं.

मात्र सगळेच गुण असे एका जनुकावर ठरत नाहीत. उंचीच घ्या. २०२२ मध्ये ५० लाखांहून अधिक लोकांच्या डीएनएच्या अभ्यासातून उंचीशी संबंध असलेल्या सुमारे १२,००० जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा कणभर, त्यावर पुन्हा बालपणीच्या पोषणाचा परिणाम. चेहऱ्याच्या ठेवणीतही अनेक जनुकांचा हात असतो. म्हणून अमक्या स्वभावाचं जनुक सापडलं, अशी बातमी वाचली की माझ्या कपाळाला आठी पडते.

आजीकडून आलेली ही अक्षरं आता बदलता येतील का? काही प्रमाणात, हो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवर जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. गर्भात असताना आपल्या सगळ्यांचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि जन्मानंतर त्याचं जनुक जवळजवळ बंद होतं. या उपचारात रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी शरीराबाहेर काढतात, ते जनुक बंद ठेवणाऱ्या यंत्रणेत नेमक्या जागी छेद देतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. त्याआधी रुग्णाला जड केमोथेरपी सोसावी लागते. पण मग गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं आणि पेशी विळ्यासारख्या वाकणं कमी होतं. बदललेलं मूळ अक्षर मात्र जागच्या जागीच राहतं, आणि स्त्रीबीजाला किंवा शुक्राणूला हा उपचार स्पर्शही करत नाही. म्हणून ज्याच्याकडे दोन्ही जनुकं सिकलसेलची आहेत, असा माणूस उपचारानंतर वेदनांतून सुटला तरी त्याच्या प्रत्येक मुलाकडे त्यातलं एक जनुक जाणारच. मूल नुसतं वाहक होईल की आजारी पडेल, ते त्याच्या जोडीदाराकडून येणाऱ्या जनुकावर ठरेल. तेव्हा लग्नाआधी किंवा मूल होऊ देण्याआधी त्या जोडीदाराचं रक्त तपासून घेणं, हे या नव्या उपचारानंतरही तितकंच गरजेचं राहतं.

नमस्कार.