कुपीतला घोडा, शेपटीतली सुई

(दृश्य: ग्रामीण रुग्णालयाचा फ्रीज. काचेची छोटी कुपी.)

आत सर्पदंशावरच्या औषधाची पांढरी पूड. सोबत १० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर. पावसाळ्यात बांधावरून चालताना घोणस चावली, की जीप इथंच येते. डॉक्टर पूड विरघळवतात. कुपी जोरात हलवायची नाही, फेस येतो. तळहातांत धरून हळूहळू फिरवायची. एका कुपीनं भागत नाही, सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी होते.

ही पूड आली घोड्याच्या रक्तातून.

(दृश्य: तबेला, सकाळ.)

नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चौघांचं विष घोड्याला आधी अगदी नावापुरतं टोचतात, मग आठवड्यांमागून आठवडे मात्रा चढवत नेतात. घोडा तग धरतो आणि त्याच्या रक्तात विषाला जखडणारी प्रतिपिंडं तयार होतात. मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, ठेवून घ्यायचा, तांबड्या पेशी पुन्हा त्याच्याच अंगात सोडायच्या. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी सर्पविषावर पहिला उतारा तयार केला. आपल्याकडे परळच्या हाफकिन संस्थेचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. टोचल्या जागी गळवं येतात, हयगय झाली तर जनावर खंगतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण घोड्यासाठी निदान कुणीतरी हळहळतं. उंदराचं नाव कोण काढतंय?

(दृश्य: पिंजरा. पांढरे उंदीर, जवळून.)

वजन १८ ते २० ग्रॅम. औषध किती चालतं हे तपासायला विष आणि औषध एकत्र करून अर्धा तास ३७ अंशांवर ठेवतात आणि ते मिश्रण उंदराच्या शेपटीच्या शिरेत टोचतात. नंतर ठरल्या वेळी मोजणी. जगले किती, मेले किती. मण्यारीच्या विषाला औषध पुरलं नाही, तर उंदीर लुळा पडतो, मग श्वास थांबतो. याच मोजणीवरून ठरतं, की १ मिलिलिटर औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं.

आकडा खरा आहे. पण शेतकऱ्याच्या पायात विष आणि औषध असे आधीच मिसळून जात नाहीत. तिथं विष तासभर पुढे गेलेलं असतं. शिवाय औषधासाठीचं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा सापवाल्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि त्याच जातीच्या सापाचं विष मुलूख बदलला की बदलतं. म्हणजे उंदीर पास झाला, तरी आपल्या रानातल्या सापावर औषध तेवढंच चालेल, याची हमी नाही.

मग चाचणी बंद करायची? माझं उत्तर नाही. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यात कच्च्या औषधाची भर नको. मात्र प्रतिपिंडं विषाला चिकटतात का, हे आधी काचेच्या नळीत पाहता येतं. तिथंच नापास झालेल्या बॅचसाठी उंदीर कशाला मारायचे? नुसतं चिकटणं म्हणजे विष निकामी होणं नव्हे, त्यामुळे शेवटी काही उंदीर लागतीलच. पण काहीच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखालची समितीही प्रयोगाआधी हेच विचारते, की दुसरा मार्ग आहे का.

(दृश्य: पुन्हा रुग्णालय. रात्र.)

नर्स लेबलावरचा बॅच क्रमांक केसपेपरवर उतरवून घेते. डॉक्टर पुढची कुपी तळहातांत फिरवायला घेतात.