स्टँडवरचा कागद

मुंबईच्या स्टुडिओंत फिल्मी गाण्यांचं रेकॉर्डिंग अनेक दशकं दोन लिपींत चाललं. व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेटच्या स्टँडवर पाच रेघांचं स्टाफ नोटेशन. सतार, बासरीवाल्यांच्या वहीत सरगम.

स्टाफ वाचणारे बरेचसे वादक गोव्याचे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फेज (डो-रे-मी म्हणत स्वर वाचणं) आणि व्हायोलिन शिकवत. सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर (गाण्यातल्या वाद्यांची मांडणी करणारे) शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांसाठी वाद्यवृंदाचे पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या ओळी, लिहीत. वीस व्हायोलिननी एकच ओळ वाजवायची, तर ती पाठ करायला वेळ नसतो. या खुर्चीवर वाचन यायलाच हवं, तेही पाहताक्षणी. गज ओढायचा की ढकलायचा, ही खूणसुद्धा सगळ्यांची एकच हवी. नाहीतर सूर बरोबर असूनही ओळ विस्कटते. खूण पेन्सिलीने करतात, कारण पुढच्या टेकला (रेकॉर्डिंगच्या पुढच्या खेपेला) ती बदलू शकते.

सरगमची ताकद वेगळी. गायकाने ‘सा’साठी पेटीची पांढरी दोनऐवजी काळी एक मागितली, तर वहीतलं अक्षरही बदलत नाही, फक्त सा सरकतो. स्टाफवरचे पार्ट मात्र नव्याने लिहावे लागतात. त्यात बी-फ्लॅट ट्रम्पेटला ऐकू येणाऱ्या सुरापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहायचं, आल्टो सॅक्सोफोनला मेजर सिक्स्थने (साडेचार पूर्ण स्वरांनी) वर. घाईत नेमकं हेच चुकतं आणि बोल वादकाला लागतो.

सरगम लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, एका मात्रेतल्या स्वरांखाली अर्धचंद्र. घाईच्या वहीत अर्धचंद्र गळतात. मग ‘रे ग म’ एका मात्रेत की तीन मात्रांत, हे ऐकलेलं आठवूनच ठरवावं लागतं.

गिटार, बेस, कीबोर्डला बहुतेकदा कॉर्ड चार्ट, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या नावांचा कागद, पुरतो. एका ओळीत 4 बार (तालाचे सारखे भाग), ओळीच्या सुरुवातीला बारचा क्रमांक. ‘सी, जी/बी, ए मायनर’ असं लिहिलं असेल, तर तिरक्या रेघेनंतरचा बी बेसिस्टचा. त्याने तिथे जी वाजवला की सी-बी-ए हा उतार मोडतो. तरीही कॉर्डपेक्षा जास्त चुका बांधणीत होतात: पहिल्या अंतऱ्याआधी 8 बार म्युझिक, दुसऱ्याआधी 12, आणि रिपीट नेमकी कुठून, हे निसटतं.

ढोलकवाल्याला स्वरलिपी लागत नाही, पण बार मोजता आलेच पाहिजेत. ठेक्याचं नाव, बारांची संख्या आणि ‘11व्या बारला ब्रेक’ एवढं त्याच्या कागदावर असलं, तरी टेक वाया जात नाही.